रूपाबाईची तूर शिजत नाही

मला एक खोड आहे. कोणी छातीठोकपणे काही सांगितलं की माझ्या तोंडून लगेच "कशावरून?" निघतं. सासरी पहिल्या वर्षी या एका शब्दापायी दोनदा अबोला झाला होता. मी विज्ञान शिकवते, मला विचारायलाच हवं, असं माझं म्हणणं. आमचे हे, राधाकृष्ण, याला सरळ भोचकपणा म्हणतात. आता सांगते ती हकिगत वसराम राठोड यांची आहे. पण माझा भोचकपणा नसता तर ती अशी घडली नसती, म्हणून आधीच कबुली देऊन टाकली.

सेनगाव तालुक्यात साखऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर एक तांडा आहे. शंभर-सव्वाशे घरं, सगळी शेती कोरडवाहू. तांड्याला लागून आश्रमशाळा. निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं मी तिथे शिकवलं. आठवडाभर साखऱ्यात भाड्याची खोली आणि शनिवारी दुपारी एसटीनं वसमतला घरी. या अकरा वर्षांत मुख्याध्यापकांपेक्षा जास्त धाक मला कोणाचा वाटला असेल, तर तो वसरामभाऊंचा.

वसरामभाऊ सत्तरीला टेकलेले. अंगानं काटक, खांद्यावर कायम एक ओला टॉवेल. शेती तीन एकर, पण ओळख वरणाची. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, आसपासच्या आठ-दहा गावांत कुठेही डेग चढली की वरण वसरामभाऊंचं. भाजीला दुसरा आचारी, बुंदीला तिसरा. हे फक्त वरण करणार. डेगीजवळ कोणी फिरकलं की खेकसायचे, "सरका तिकडं! बघून राहिलं की डाळ लाजती." कोणी खाण्याचा सोडा पुढे केला तर विचारूच नका. "सोडा टाकून काय, माझी म्हैसबी शिजवंल," असं म्हणून ती पुडी ते चुलीत फेकायचे. आणि एवढं करून स्वतः मात्र कोपऱ्यात बसून भाकरी आणि मिरचीचा ठेचा खायचे.

"वरण काहून खात नाही?" मी एकदा विचारलं.

"तुमी घरी जाऊन पोरांच्या वह्या वाचता का हौसेनं?" ते म्हणाले. 

पण त्यांची खरी सत्ता चालायची माघात. तूर झोडपून घरात आली की लोक मूठभर दाणे फडक्यात बांधून त्यांच्या ओट्यावर यायचे. तांड्यातले यायचे, साखऱ्यातले यायचे. वसरामभाऊ एक दाणा उजव्या दाढेखाली धरायचे, डोळे मिटायचे, कर्र आवाज व्हायचा आणि निकाल लागायचा. "शिजंल." किंवा, "न्हाई शिजायची. बाजारात न्या." शिजणारी तूर भरडून तिची वर्षभराची डाळ घरात राहायची. न शिजणारी पोत्यात भरून आडत्याकडे. ज्याला 'न्हाई' ऐकायला मिळालं तो मान खाली घालून घरी जायचा आणि बायकोची बोलणी खायचा. पण वसरामभाऊंना उलट विचारायची कोणाची टाप नव्हती.

मी अर्थातच विचारलं. "दाढेला कसं कळतं हो?"

"तुमाला खडू हातात घेतल्याबराबर कळतं का न्हाई, कोणता मोडंल?"

आता हे खरं होतं. आणि रानाप्रमाणे डाळ कमी-जास्त शिजते हेही खोटं नाही. जमीन कशी आहे, वाण कोणता, दाणा किती जुना, यानं फरक पडतो. मला ते दरवर्षी तांड्यातल्या लालसिंगच्या रानातली दहा किलो तूर निवडून द्यायचे, आणि वसमतला आमच्या घरी त्या डाळीचं कौतुक व्हायचं.

एका रानाला मात्र त्यांची दाढ कधी लागलीच नाही. ते रूपाबाईचं. तांड्याच्या वरच्या अंगाला खडकाळ उतारावर अडीच एकर. नवरा लवकर गेला, रूपाबाईनं एकटीनं दगड वेचून ते रान उभं केलं. त्या रानाचा निकाल अठरा वर्षांपूर्वीच लागला होता. तांड्यातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगायचं, रूपाबाईची तूर शिजत नाही. वाट विचारली तर लोक म्हणायचे, न शिजणाऱ्या रानाच्या खालून वळा. फेब्रुवारीत सेवालाल महाराजांच्या जयंतीला तांड्याचं जेवण असतं, त्यासाठी घरटी एक पायली तूर गोळा करतात. रूपाबाईच्या दारात मात्र पिशवी उघडायचे ती गुळासाठी. ती बिचारी आधीच ढेप काढून ठेवायची.

का, ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं होतं. रूपाबाईच्या लेकीचं, निताचं, लग्न. पंगतीला आपल्याच रानाची डाळ घालायची असा रूपाबाईचा हट्ट. वसरामभाऊंनी डेग चढवली, आणि चार तास झाले तरी दाणे दाण्यासारखे. पाहुण्यांनी ताटं सारली. तेव्हा वसरामभाऊंनी सगळ्यांदेखत सांगितलं की दोष रानाचा आहे. तेव्हापासून त्या रानाला 'न शिजणारं' हे नाव चिकटलं.

गेल्या वर्षी जानेवारीत मी सुट्टीला घरी निघाले होते. जवळा बाजारला एसटी थांबली, बाजाराचा दिवस होता, आणि मला चहाची तल्लफ आली. उतरले तर काय, रस्त्याच्या कडेला पोतं उघडून रूपाबाई बसलेली! साखऱ्याहून सेनगाव सोडून, हिंगोली सोडून, औंढा सोडून ही बाई इतक्या लांब तूर विकायला?

"रूपाबाई, इथं कुठं?"

तिनं पदर ओढून घेतला. "इथं भइन दिली हाय माझी." मग हळूच म्हणाली, "आन् इथं कोणाला ठाऊक न्हाई, मॅडम."

मला काय वाटलं कोण जाणे. मी पिशवी पुढे केली. "पाच किलो द्या."

ती एकदम घाबरली. पोत्याचं तोंडच धरून बसली. "तुमी नका घेऊ. ही शिजत न्हाई. अनोळखी माणसाला देते ते येगळं, तुमाला कशी देऊ?"

"अहो, मला बघायचं आहे."

"काय बघायचं? अठरा वर्सं झाली, मीबी घरात शिजवली न्हाई. दुकानाची डाळ आणून खातो आमी. आता ही शेवटचीच. सुदाम म्हणतो, येत्या मिरगाला तुरीची एक ओळ ठेवायची न्हाई, नुसतं सोयाबीन." सुदाम हा तिचा मुलगा. "म्या म्हणलं, कर बाबा. घरात खायाची न्हाई ती तूर काहून पोसायची?" आणि थोडं थांबून म्हणाली, "पर झाडं लई गुणाची येतात हो."

झाडं गुणाची येतात हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. दरवर्षी मी नववीच्या मुलांना त्याच उतारावर नेत होते, तुरीचं झाड मुळासकट उपटायला. त्या मुळांवर बारीक गाठी असतात. नखानं फोडली की आतून गुलाबी निघतात. हवेतला नत्र धरून जमिनीत घालायचं काम त्या गाठीतले जंतू करतात, फुकट, कोणाला न सांगता. मुलांना ते फार आवडायचं. सोयाबीनलाही गाठी असतात, मी खोटं बोलणार नाही. पण सोयाबीनचं मूळ राहतं वर वर. तुरीचं मूळ खडकाच्या फटीत शिरतं, पावसानं पंधरा दिवस ओढ दिली तरी झाड तग धरतं, आणि पानं गाळून खालची माती जमवतं. त्या उतारावर चार बोटं काळी माती जी काय होती, ती तुरीनं जमवलेली होती. ती तूर गेली की पाच-सात वर्षांत तिथे पुन्हा नुसते दगड. शिवाय सोयाबीन सगळं विकायचं असतं, ते काही कोणी शिजवून लेकराच्या ताटात वाढत नाही. तूर घरात असली की निदान रोज वाटीभर वरण तरी पोटात जातं. म्हणजे एका डेगीतलं वरण बिघडलं म्हणून एक रान जाणार. मला ते काही केल्या पटेना.

कंडक्टरनं घंटी मारेपर्यंत तिच्याशी भांडून मी ती तूर घेतली.

वसमतला ओळखीच्या डाळमिलवाल्याकडून भरडून आणली. कुकर मुद्दाम लावला नाही. साध्या पातेल्यात, झाकण ठेवून, घड्याळ समोर घेऊन बसले. पस्तीस मिनिटांत डाळ अशी गळून गेली की रवीसुद्धा लागली नाही. राधाकृष्ण दोनदा वरण घेऊन म्हणाले, "लालसिंगची यंदा झकास आहे." मी म्हटलं, "ही लालसिंगची नाही, ही न शिजणारी आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गुपचूप तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

मग मात्र माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पुढच्या आठवड्यात मी साखऱ्याच्या खोलीवर गॅसभोवती प्रयोगशाळाच मांडली. तांड्याच्या विहिरीचं पाणी आणलं, तांड्याच्या जुन्या बोअरचं आणलं. दोन्हींत रूपाबाईची डाळ शिजवली, दोन्हींत लालसिंगची शिजवली. विहिरीच्या पाण्यात दोघांची छान शिजली. बोअरच्या पाण्यात सव्वा तासानंतरही दोघांच्याही डाळीचे दाणे दाताला लागत होते. लालसिंगच्या डाळीचेसुद्धा! त्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, इतकं ते जड. आणि हे काही माझं मोठं संशोधन नव्हे. बोअरच्या पाण्यात डाळ टाकायची नाही हे तांड्यातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. वसरामभाऊंना तर आधी माहीत असणार.

म्हणून मी सरळ त्यांच्या ओट्यावर गेले. ते हरभऱ्याचे डहाळे सोलत बसले होते. त्यांची बायको पारुबाई शेजारी सूप घेऊन पाखडत होती.

"वसरामभाऊ, निताच्या लग्नात डेगीला पाणी कुठलं होतं?"

"विहिरीचं," ते म्हणाले. इतक्या झटकन म्हणाले की माझं 'कशावरून' तोंडातच राहिलं.

"रूपाबाईची डाळ मी शिजवून बघितली. लोण्यासारखी शिजते."

त्यांच्या हातातला डहाळा थांबला. "मॅडम, तुमी लेकरं शिकवा. वरण माझं हाय. मी तुमच्या फळ्यावर येऊन लिवतो का?"

"अहो, पण तिचं रान—"

"तुमाला समदंच काहून कळायला पायजे?" एवढं ओरडले की कोंबड्या पळाल्या. मलाही राग आला. मी म्हटलं, "कारण तुम्हाला सांगायचं नाही म्हणून!" आणि तरातरा निघून आले. पारुबाईचं पाखडणं मात्र थांबलं होतं, हे माझ्या लक्षात आलं.

चार दिवस आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली नाहीत. पाचव्या दिवशी, सकाळी शाळेआधी, वसरामभाऊ स्वतः साखऱ्याला माझ्या खोलीवर आले. पायरीवर बसले. चहा दिला तो निवला तरी घेतला नाही.

"मॅडम, त्या दिवशी विहीर आटली," ते म्हणाले.

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. 

"वैशाख होता. डेग अर्धी भरली आन् बादली तळाला खडखडली. गाळ येऊन राहिला. वऱ्हाड मांडवात येऊन बसलेलं. साखऱ्याहून पाणी आणायचं तर दोन तास गेले असते. मी बोअरचं वतलं. माझ्या हातानं. ठाऊक होतं मला. म्हणलं जाळ वाढवतो, शिजंल." त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "न्हाई शिजली. सोडा मागवला असता तरी भागलं असतं, पर मंग लोकांनी इचारलं असतं, वसरामला सोडा कशाला लागला? वाढपी आला, म्हणला दाणे ताटात वाजून राहिले. नवरदेवाचा बाप उठून उभा राहिला. समदे माझ्याकडं बघू लागले. आन् निघून गेलं तोंडातून, मी काय करू, रानच तसलं हाय. हिच्या रानाची तूर शिजत न्हाई."

"मग दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं!"

"सांगणार होतो. खरंच सांगतो, निघालो होतो घरातून. तर दारात लालसिंगचा बाप. हातात मूठभर तूर. म्हणला, वसराम, तुला रानाचं कळतं म्हणून राहिले लोक, माझी बघ बरं." ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "त्याच्या आधी मला कोणी काही इचारलं नव्हतं, मॅडम. आचारी म्हंजे काय, राख काढणारा माणूस. त्यानं मला घरी नेऊन पाट दिला बसायला."

 राग तर इतका आला होता की पायरीवरून ढकलून द्यावंसं वाटत होतं. अठरा वर्षं! एका बाईच्या रानावर पाय देऊन हा माणूस मोठा झाला होता. आणि तरी तो पाटाचं सांगत होता तेव्हा त्याचा निवलेला चहा पुन्हा गरम करून द्यावासा वाटला, हेही खरं.

"म्हणजे दाढ खोटी?" मी विचारलं.

"न्हाई!" ते दुखावले. "पहिली दोन-तीन वर्सं खोटी होती. उघडं पडंल म्हणून जो येईल त्याच्या मुठीतले दाणे ठेवून घ्यायचो, भरडून घरी शिजवायचो. आन् मंगच दुसऱ्या दिवशी निकाल द्यायचो. पारूला इचारा, शंभर-शंभर वाट्या शिजवल्या तिनं. करता करता दाढ शिकली. आता दाढ खरी हाय. रूपाबाईची मूठ तेवढी कधी हातात घेतली न्हाई."

"वसरामभाऊ, मिरगाला सुदाम ती तूर काढून टाकणार आहे. सगळं रान सोयाबीन करणार. मग तुम्ही कबूल करा नाही तर करू नका, काही उपयोग नाही."

ते उठले. टॉवेल झटकला. "तांड्यात ते ऐकूनच आलो," म्हणाले आणि चहा तसाच ठेवून गेले.

जयंतीच्या दोन दिवस आधी घरोघर तूर गोळा करायला लोक निघाले तेव्हा वसरामभाऊ त्या लोकांबरोबर होते. मी शाळेच्या ओट्यावरून पाहिलं आणि वर्ग सोडून मागोमाग गेले. निवृत्तीला तीन महिने राहिले होते, कोण काय करणार होतं मला? रूपाबाईनं सवयीप्रमाणे गुळाची ढेप बाहेर आणली. वसरामभाऊ म्हणाले, "गूळ न्हाई. तूर दे."

तिचा चेहरा पांढरा पडला. "काहून चेष्टा करून राहिला, दादा? म्हातारपणी तरी सोड."

मग त्यांनी सांगितलं. विहीर, बादली, बोअर, सगळं. तांड्याचे नायक ऐकत होते, पिशवीवाले ऐकत होते, सुदाम दारात उभा राहून ऐकत होता.  मला वाटलं रूपाबाई रडेल, शिव्या देईल.  तिनं ढेप खाली ठेवली, हाताला लागलेला गूळ पदराला पुसला.

"हितं सांगून काय व्हतं?" ती म्हणाली. "हितले लोक मला काय, तुरीवाली म्हणतात. माझ्या निताला सासरी काय म्हणतात ठाऊक हाय? खडेवाली. अठरा वर्सं. भातात खडा निघाला तर तिच्या माहेरचा, लेकराचा दात पडला तर तिच्या माहेरच्या तुरीनं. हसतात समदे. तू तिच्या सासऱ्यापुढं बोलला व्हतास. तिच्या सासऱ्यापुढं जाऊन सांग. मंग मी तूर पेरते. न्हाई तर सुदाम म्हणतो तसं व्हऊन जाऊ दे."

सुदामनं आईकडे बघितलं आणि खाली ठेवलेली ढेप उचलून पिशवीवाल्यांच्या पिशवीत टाकली.

जयंती झाली. रूपाबाईच्या घरून गूळच गेला. त्यानंतरच्या रविवारी मी, वसरामभाऊ आणि रूपाबाई एसटीत बसलो. निताचं सासर औंढ्याच्या बाजूच्या एका तांड्यावर. रूपाबाईच्या मांडीवर तीन किलो डाळीचं गाठोडं, आणि वसरामभाऊंच्या दोन्ही हातांत विहिरीच्या पाण्याचे वीस-वीस लिटरचे कॅन. कंडक्टर बघतच राहिला. "बाबा, तिकडं काय दुष्काळ पडला का?" वसरामभाऊ म्हणाले, "तुमाला काय करायचं? सामानाचं तिकीट घ्या." रूपाबाई पुढच्या सीटवर खिडकीशी बसली होती. सगळ्या वाटेत तिनं मागे वळून बघितलं नाही.

निताचे सासरे गुलाबसिंग ऐंशीच्या घरातले. अंगणात बाजेवर बसलेले, आणि कानानं ठार. आता आली का पंचाईत! वसरामभाऊंनी समोर उभं राहून हळू आवाजात सुरुवात केली. गुलाबसिंग कानाला हात लावून म्हणाले, "काय? मोठ्यानं बोल." त्यांनी पुन्हा सांगितलं. "कोण आटलं?" गुलाबसिंग म्हणाले. तिसऱ्यांदा वसरामभाऊ ओरडले. सगळ्या तांड्याला ऐकू जाईल असे ओरडले. "विहीर आटली व्हती! मी बोअरचं पाणी टाकलं! तूर चांगली व्हती! मी खोटं बोललो!" शेजारपाजारची माणसं दारात आली. एक बाई डोक्यावरचा हंडा तसाच घेऊन थांबली. त्यांचा आवाज शेवटी फाटला आणि ते खोकत खाली बसले.

गुलाबसिंगांनी मान हलवली. "ते व्हय," ते म्हणाले. "आमी तर गमतीनं म्हणत होतो."

निता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गमतीनं, हा शब्द ऐकून तिनं चौकट धरली. चाळिशीला आलेली बाई, केसांत पांढरं दिसायला लागलेलं. तिनं मला बसायला सांगितलं आणि वसरामभाऊंना विचारलं, "काका, चूल हितं मांडू का तिथं?"

त्यांनी अंगणात वरण केलं. स्वतःच्या हातानं कॅनमधलं पाणी ओतलं, आणि या वेळी डेगीजवळ कोणी आलं तरी हाकललं नाही. निताच्या दोन्ही पोरी डेगीत डोकावून बघत होत्या. तासाभरात डाळ गळाली. मीठ, हळद, वरून लसणाची फोडणी, बस. गुलाबसिंगांना पहिली वाटी दिली. त्यांनी भाकरी कुस्करून खाल्ली आणि वाटी परत पुढे केली.

सुदामनं जूनमध्ये सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी धरल्या, आधीपेक्षा चार जास्त. तुमच्या मनाला ती काळजी असेल म्हणून सांगून टाकलं. आणि वसरामभाऊंच्या ओट्यावर यंदा माघात माणसं आली का, असंही तुम्ही विचाराल. आली. थोडी कमी, पण आली. रूपाबाई आली नाही. तिला आता कोणाला विचारायचं नव्हतं.

पण त्या दिवशी निताच्या सासरी अंगणात सगळ्यांची जेवणं झाल्यावर मागे मायलेकी राहिल्या होत्या, आणि मी. निताच्या ताटात वरण होतं. तिनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि मग तिचा हात थांबला. मला वाटलं ती वसरामभाऊंना काही बोलेल. ती आईकडे वळली.

"याडी," ती म्हणाली, "अठरा वर्सांत तू घरी एकदा तरी शिजवून बघायची होतीस ना गं."

रूपाबाईनं मान वर केली नाही. भाकरीचा तुकडा वरणात बुडवून तशीच बसून राहिली.

"भेव वाटायचं, बाई," ती म्हणाली. "खरंच न्हाई शिजली तर?"

निता उठली, आईच्या ताटात आणखी एक पळी वरण वाढलं आणि तिला खेटून बसली. मग रूपाबाई जेवली.